न आलेल्या प्रेक्षकांची वही

या महिन्याच्या टपालातली चार पत्रं अशी, की चौघांनी ठरवून लिहिली असावीत असं वाटावं. सरकारी पैशावर चालणारी कला लोकांच्या काय उपयोगी पडते आणि ते ठरवायचं कसं, हेच चौघांना विचारायचंय. माझं बरंचसं आयुष्य याच प्रश्नात गेलं. आधी काही वर्षं नाटकांची प्रकाशयोजना केली, मग अनुदानित उपक्रमांचं मूल्यमापन करण्याचं काम हाती आलं आणि ते सुटलंच नाही. म्हणून या खेपेला बाकीची पत्रं बाजूला ठेवून ही चारच घेते.

प्रश्न : ताई, आमची छोटी नाट्यसंस्था आहे. सरकारी अनुदानातून मुलांची नाट्यशिबिरं घेतो आणि वर्षाअखेर त्यांचा प्रयोग करतो. यंदा अर्जात नवा रकाना आलाय : ‘उपक्रमाचा समाजावर झालेला परिणाम आकड्यांत नमूद करावा.’ त्यावरून आमच्यात रोज वाद होतात. अध्यक्ष म्हणतात, प्रेक्षकसंख्या लिहा. खजिनदार म्हणतात, किती जणांना काम मिळालं, किती पैसा फिरला ते लिहा. शिबिर घेणारी मुलगी म्हणते, मुलांचे शाळेतले गुण वाढले असं लिहू. मला विचाराल तर ‘कलेला माप नसतं’ एवढं एक वाक्य लिहून मोकळं व्हावं. माझं चुकतंय का?

उत्तर : हो, चुकतंय. तुमचा वैताग मला समजतो, पण ते वाक्य लिहू नका.

आनंदाला माप नसतं हे खरंच आहे. पण रकाना आनंदाबद्दल विचारत नाहीये. तुम्ही दुसऱ्यांचे पैसे घेतलेत आणि ज्यांनी ते दिले, ते त्या तालमीच्या खोलीत नव्हते. तिथे काय झालं हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं, आणि ते तुमच्याशिवाय कोण सांगणार? रकाना वाईट शब्दांत लिहिलाय, पण त्यामागचा प्रश्न रास्त आहे.

आधी अध्यक्षांचं म्हणणं बघू. प्रेक्षकसंख्या जरूर लिहा, पण ती कसली संख्या आहे हेही लिहा. इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. एका अनुदानित बालनाट्य उपक्रमाचा अहवाल मी लिहिला होता. सगळ्या शिबिरांच्या हजेरीपटांची बेरीज केली, ‘इतक्या मुलांपर्यंत पोहोचलो’ असं लिहिलं आणि अहवाल रवाना केला. काही दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी तेच हजेरीपट पुन्हा उघडले, तर तीच नावं तीन-तीन शिबिरांत दिसायला लागली. मी डोकी मोजली नव्हती, हजेऱ्या मोजल्या होत्या. नावं लावून पुन्हा मोजल्यावर आकडा निम्म्याच्याही खाली आला. दुरुस्तीचं पत्र पाठवलं, पण तोवर पहिला आकडा एका भाषणात वाचून झाला होता.

त्याच रात्री मी एक वही घातली. तिच्यात आलेल्यांची नावं नाहीत, न आलेल्यांची आहेत. पहिल्या आठवड्यात हजर असलेली आणि चौथ्या आठवड्यात गळालेली मुलं कोण? ज्या शाळांना निमंत्रण गेलं आणि ज्यांच्याकडून उत्तरच आलं नाही, त्या कोणत्या? सुरुवातीला मी त्या गळालेल्या मुलांच्या घरी जाऊन नुसती विचारपूस करायचे. मला वाटलं होतं, मुलं कंटाळली असतील. निघालं ते भलतंच. शिबिर सुटायचं सात वाजता आणि त्यांच्या बाजूची शेवटची बस होती साडेसहाची. शिबिराची वेळ तासभर अलीकडे आणली आणि गळालेल्यांतली बहुतेक मुलं परत आली. हजेऱ्यांच्या त्या मोठ्या बेरजेतून ही बस मला जन्मात दिसली नसती.

हे माझ्या छोट्या उपक्रमापुरतंच होतं असं समजू नका. ब्रिटनमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांचं प्रवेशशुल्क डिसेंबर 2001 मध्ये उठलं. जी संग्रहालयं आधी पैसे घेत होती, त्यांच्या भेटींची संख्या 2000–01 मध्ये सुमारे 70 लाख होती, ती 2010–11 मध्ये 1 कोटी 80 लाखांच्या जवळ गेली. असा आकडा पाहिला की कुणाचीही छाती फुगेल. पण येणाऱ्यांत कोणत्या थरातले लोक किती, हे तपासलं तेव्हा त्याचं प्रमाण मोठ्या अंशी पूर्वीसारखंच निघालं. भेटी वाढल्या त्यातला बराच भाग आधीपासून येणाऱ्यांसारख्याच लोकांचा होता. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू आणि अलँ दार्बेल यांनी युरोपातल्या कला-संग्रहालयांच्या प्रेक्षकांचा अभ्यास 1966 मध्येच मांडला होता. तिकिटाच्या किमतीपेक्षा माणसाचं शिक्षण आणि घरातली सवय त्याला दाराशी आणते किंवा दारापासून लांब ठेवते, हे त्यांनी दाखवून दिलं. दार उघडलं म्हणून सगळेच आत येत नाहीत. तेव्हा प्रेक्षकसंख्येसोबत ‘यांतले पहिल्यांदा आलेले किती’ आणि ‘कोण आलं नाही’ या दोन ओळी लिहा. त्या दोन ओळी मला बेरजेपेक्षा मोलाच्या वाटतात.

आता खजिनदारांचं म्हणणं. इथे फार जपून राहावं लागतं. प्रेक्षक नाटकाला आला, जाता-येता त्याने पैसे खर्च केले, तो पैसा पुढे फिरला, हा हिशेब मांडायला सोपा असतो. पण तो माणूस नाटकाला आला नसता, तर तेच पैसे त्याने त्याच गावात दुसरीकडे कुठेतरी खर्च केले असते ना? मग नवीन काय आलं? बाहेरगावाहून केवळ तुमच्यासाठी आलेल्या माणसाचा खर्च धरावा, बाकीचा धरू नये. एवढी एक चाळणी लावली की बहुतेक फुगलेले आकडे गळून पडतात.

स्पेनमधल्या बिल्बाओचं उदाहरण तर प्रत्येक बैठकीत निघतं. 1997 मध्ये तिथे फ्रँक गेरी यांनी आराखडा केलेलं गुगेनहाइम संग्रहालय उघडलं आणि मरगळलेलं औद्योगिक शहर जगाच्या नकाशावर आलं, अशी ती गोष्ट. गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे. त्याच काळात शहराची मेट्रो सुरू झाली होती, 1995 मध्ये. नदी साफ करण्याचं मोठं काम त्याआधीपासून चालू होतं, काठावरच्या जुन्या कारखान्यांच्या जागा मोकळ्या होत होत्या, पुढे विमानतळाची नवी इमारत झाली. मग शहर बदललं ते कशाने? संग्रहालयाचा वाटा मोठा असेलही. पण फक्त आधीचं नि नंतरचं छायाचित्र शेजारी ठेवून तो काढता येत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असंही असू शकतं. ज्या शहरांनी हे न बघता नुसती इमारत उचलली, त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं, कारण तिथला पैसा मेट्रोलाही गेला नाही आणि नदीलाही नाही.

याउलट लिव्हरपूलचं काम मला आवडतं. 2008 मध्ये इंग्लंडमधलं हे शहर ‘युरोपची सांस्कृतिक राजधानी’ होतं, म्हणजे वर्षभर सांस्कृतिक उत्सव भरवण्याचा मान त्याला मिळाला होता. त्याच्या परिणामांचा अभ्यास मात्र 2005 मध्येच सुरू केला होता, म्हणजे उत्सवाच्या तीन वर्षं आधी, आणि तो 2010 पर्यंत चालला. त्या वर्षाने शहराला 97 लाख जास्तीच्या भेटी आणि 75 कोटी पौंडांहून थोडा जास्त आर्थिक परिणाम मिळवून दिला, असा त्यांचा अंदाज निघाला. मला त्या कोटींपेक्षा ती तीन वर्षं महत्त्वाची वाटतात. आधीची परिस्थिती नोंदलेली होती म्हणून नंतरच्या आकड्याला काही अर्थ आला. आपल्याकडे येणारे बहुतेक अहवाल वरातीमागून घोडं असतात. उपक्रम संपतो, अनुदानाची शेवटची रक्कम अडते आणि मग धावपळ करून मुलांकडून ‘तुम्हाला शिबिर आवडलं का?’ असा कागद भरून घेतात. शिबिरातली ताई समोर उभी असताना कोणतं मूल ‘नाही’ लिहील?

शिबिर घेणाऱ्या मुलीने सुचवलेल्या गुणांबद्दल पुढच्या पत्रात सविस्तर लिहिते. तोवर तुम्ही असं करा.

अनुदान मागताना तुम्ही काय करू म्हणाला होतात, तो जुना अर्ज काढा. समजा त्यात लिहिलं असेल, ‘जी मुलं वर्गात बोलत नाहीत त्यांना रंगमंचावर बोलतं करू’. मग पुढच्या शिबिराच्या पहिल्या दिवशी वर्गशिक्षकांना विचारून अशा मुलांची नोंद करा आणि प्रत्येकाला दोन मिनिटं चारचौघांत काहीतरी सांगायला लावा. कोण उठलंच नाही, कोण एक वाक्य बोलून बसलं, ते लिहून ठेवा. शेवटच्या आठवड्यात तेच पुन्हा करा, आणि जमलं तर सहा महिन्यांनी आणखी एकदा. पाहणारी व्यक्ती शिबिराबाहेरची असली तर उत्तम.

तुमच्या शिबिराला जागेपेक्षा जास्त अर्ज येत असतील, तर तुमच्या हाती एक घबाड आहे, बहुतेकांना ते कळत नाही. ओळखीने किंवा ‘आधी येईल त्याला’ अशी मुलं निवडू नका, चिठ्ठ्या टाका. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्यांना पुढच्या फेरीत नक्की घ्या, पण तोवर त्यांच्याही नोंदी ठेवा. दोन्ही गट सारखेच उत्सुक, सारख्याच घरांतले, फरक फक्त चिठ्ठीचा. शिबिर झालं नसतं तर काय झालं असतं, याचं उत्तर ती थांबलेली मुलं देतात. अमेरिकेत ह्यूस्टन शहरातल्या 42 शाळांत असंच केलं. इच्छुक शाळांतून सोडतीने निम्म्या निवडल्या आणि त्यांना कलावंत, नाट्यसंस्था, संग्रहालयं जोडून दिली. दहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचा तो अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. निवडलेल्या शाळांत शिस्तभंगाच्या कारवाया झालेल्या मुलांचं प्रमाण शंभरामागे 3.6 ने कमी होतं, लेखनाचे गुण थोडे सुधारले होते आणि दुसऱ्याबद्दलची कणवही किंचित वाढली होती. परिणाम छोटे होते, पण सोडत असल्यामुळे त्यांवर विश्वास ठेवता येतो.

आणि रकान्याच्या शेवटी, काय जमलं नाही ते लिहा. तुमच्या अध्यक्षांना हे पटणार नाही. त्यांना माझं पत्र वाचायला द्या.

प्रश्न : मी शाळेत संगीत शिकवते. आमच्या संगीतवर्गाचं अनुदान बंद होण्याच्या वाटेवर आहे. शास्त्रीय संगीत ऐकल्याने आणि शिकल्याने मुलांची बुद्धी वाढते, हे विज्ञानाने सिद्ध झालंय ना? निवेदनात ते ठळकपणे लिहायचं आहे. त्यासाठी एखादा पक्का आकडा द्याल का?

उत्तर : बाई, तुमचा वर्ग चालू राहावा असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच हा आकडा मी तुम्हाला देणार नाही.

या समजुतीचं मूळ 1993 मधल्या एका छोट्या प्रयोगात आहे. महाविद्यालयातल्या 36 विद्यार्थ्यांना दहा मिनिटं पाश्चात्य संगीतकार मोझार्टची एक रचना ऐकवली आणि लगेच आकार मनात फिरवून बघण्याची चाचणी दिली. त्यांनी ती जरा बरी सोडवली आणि तो परिणाम पंधरा मिनिटांच्या आत ओसरला. त्यात मुलं नव्हती आणि शिकवणंही नव्हतं. ‘बुद्धी वाढते’ असंही संशोधकांनी म्हटलं नव्हतं. पण बातमी सुटली ती सुटलीच. 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रिका पाठवण्यासाठी 1 लाख 5 हजार डॉलर मागितले. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा परिणाम फारच क्षीण निघाला किंवा दिसलाच नाही.

आता विचार करा. असा आकडा निवेदनात घातलात आणि समितीतल्या एखाद्याने शोधून काढलं की तो टिकत नाही, तर? तुमचा वर्ग त्या आकड्याबरोबरच खाली येईल. आणि आकडा टिकला तरी दुसरा धोका आहेच. उद्या कुणी म्हणेल, गणित सुधारायचं तर गणिताचेच तास वाढवू, मधे पेटी कशाला? दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायला लागलं की ओंजळ कधी मिटायची हे तो दुसरा ठरवतो.

याहून मोठी गोष्ट व्हेनेझुएलाची. तिथे 1975 मध्ये होसे आन्तोनियो आब्रेऊ यांनी मुलांच्या वाद्यवृंदांची सरकारी मदतीवर चालणारी चळवळ उभी केली, ‘एल सिस्तेमा’. संगीतातून गरीब मुलांचं आयुष्य बदलतं, हा तिचा दावा जगभर गेला आणि अनेक देशांनी तिचं अनुकरण केलं. 16 केंद्रांतल्या 2,914 मुलांचा चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना एक वर्ष आधी प्रवेश, काहींना नंतर. वर्षभराने आधी प्रवेश मिळालेल्यांचा स्वतःवरचा ताबा थोडा सुधारला होता, वागणुकीच्या तक्रारी थोड्या कमी होत्या. बौद्धिक कौशल्यांत मात्र सगळ्या मुलांचा मिळून फरक दिसला नाही. पण मला अडवलं ते वेगळ्याच आकड्याने. ज्या प्रांतांत ही केंद्रं होती तिथे गरिबीचं प्रमाण 46.5 टक्के होतं, आणि अभ्यासातल्या मुलांत ते होतं 16.7 टक्के. ज्यांच्यासाठी सगळं उभारलं, ती मुलं दाराशी पोहोचलीच नव्हती. माझी वही मला त्या क्षणी आठवली.

यावरून एल सिस्तेमा फसली असं मी म्हणणार नाही. वर्षभराच्या मोजणीत आयुष्य मावत नाही. पण संगीत शिकवणाऱ्या चळवळीला ‘तुम्ही गरिबी हटवली का’ हा प्रश्न विचारला गेला, कारण तिने स्वतःच तसं सांगितलं होतं.

तुमच्या निवेदनात तुम्ही हे लिहा : पहिल्या महिन्यात किती मुलं सुरात म्हणू शकत होती आणि वर्षाअखेर किती. किती जणांच्या घरी वाद्य नाही, म्हणजे शाळेतला हा तास गेला तर त्यांचं वाद्याशी नातंच संपतं, असे किती. सोडून गेलेली किती आणि का. संगीतवर्गाने संगीत शिकवलं, हे सांगण्यात कमीपणा कसला? ते तुमच्या डोळ्यांसमोर घडलंय आणि कुणालाही येऊन ऐकता येईल. समितीला वर्गात बोलवा. निवेदनाच्या तीन पानांनी होणार नाही ते तिथे दहा मिनिटांत होईल, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस आहे. आयुष्यात दोन-तीनदाच नाटक पाहिलं, संग्रहालयात शाळेच्या सहलीनंतर गेलो नाही. माझ्या करातून कलेवर खर्च का व्हावा? आणि होतोच आहे तर तो वाया जात नाही हे मला कोण सांगणार? राग नाही, पण सरळ उत्तर हवंय.

उत्तर : तुमच्यासारखी पत्रं आली की मला बरं वाटतं, कारण कलेच्या लोकांना हा प्रश्न कुणी तोंडावर विचारत नाही.

तुमचाच प्रश्न डेन्मार्कमध्ये विचारला गेला होता. कोपनहेगनच्या रॉयल थिएटरला सरकारकडून मोठं अनुदान मिळतं आणि देशातले बहुसंख्य लोक तिथे जात नाहीत. मग देशभरच्या लोकांनाच विचारलं, यासाठी करातून किती द्यायला तयार आहात? त्रिने बिले हान्सेन यांनी तो अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध केला. लोकांनी सांगितलेल्या रकमा एकत्र धरल्या तर त्या प्रत्यक्ष अनुदानाएवढ्या किंवा त्याहून जास्त होत्या, आणि त्यात कधीही न जाणाऱ्यांचा वाटा मोठा होता. उद्या जावंसं वाटलं तर ते असावं, मुलांना मिळावं, देशात अशी एक गोष्ट असावी, ही त्यांची कारणं. एखादं ग्रंथालय आपण वापरत नसलो तरी ते जळालं तर आपल्याला वाईट वाटतं, तसंच काहीसं.

ही पद्धत निर्दोष नाही, हेही सांगते. पाहणीत ‘देईन’ म्हणणं आणि खिशातून काढून देणं यांत अंतर असतं, आणि प्रश्न कसा विचारला यावर उत्तर हलतं. तरीही तुम्हाला न विचारता तुमच्या वतीने ‘लोकांना हवंय’ किंवा ‘लोकांना नकोय’ असं ठरवण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

वाया जाण्याबद्दल दोन गोष्टी. कलेचा खर्च दर वर्षी वाढतो आणि काम तेवढंच दिसतं, त्यामुळे उधळपट्टीचा संशय येतो. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी 1966 मध्ये त्याचं कारण सांगितलं. चार वादकांची अर्ध्या तासाची रचना दोनशे वर्षांपूर्वी वाजवायला चार माणसं आणि अर्धा तास लागायचा, आजही तेवढंच लागतं. कारखान्यात तेवढ्या वेळात कितीतरी पट माल निघायला लागला आणि पगार त्या मानाने वाढले. वादकालाही जगायचं तर त्याचं मानधन वाढणारच. तेव्हा वाढलेल्या खर्चावर लगेच चोरीचा शिक्का मारू नका. पण हे कारण पुढे करून कुणी हिशेब दाखवायचं टाळलं, तर ते मुळीच खपवून घेऊ नका.

दुसरी गोष्ट वेळेची. महामंदीच्या काळात, 1935 मध्ये, अमेरिकेच्या सरकारने बेकार चित्रकारांना आणि नाटकवाल्यांना कामं दिली. हेतू एकच : माणसांच्या हाताला काम. त्याच यादीत जॅक्सन पोलॉक, ली क्रॅस्नर, मार्क रॉथको ही पुढे नावाजलेली, पण तेव्हा फारशी कुणाला माहीत नसलेली तरुण मंडळी होती. नाट्यविभागावर राजकीय आरोप झाले आणि 1939 मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, त्याचा पैसा तोडला. त्या वर्षी बसून कुणी चित्रकारांच्या योजनेचं मूल्यमापन केलं असतं तर त्याला रंगवलेल्या भिंती आणि दिलेले पगार मोजता आले असते. विसाव्या शतकाची चित्रकला त्यात कुठेतरी वळत होती, हे त्याला दिसणं शक्य नव्हतं. मात्र पोलॉकचं नाव घेऊन आजचं प्रत्येक अनुदान योग्य ठरवणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. त्या योजनेत हजारो चित्रकार होते, त्यांतले बहुतेक विस्मरणात गेले. पण त्यांच्याही घरी मंदीत चूल पेटली, आणि योजनेने वचन तेवढंच दिलं होतं. तिचं मोल मी त्या चुलींवर ठरवेन, पोलॉक ही वरकड कमाई.

तुम्हाला कोण सांगणार, असं विचारलंत. तुम्ही स्वतः मागा. ज्या संस्थेला तुमच्या करातून पैसे मिळतात तिचा अहवाल मागवा आणि तीन गोष्टी शोधा : काय करू म्हणाले होते, काय केलं, काय जमलं नाही. तिसरी नसेल तर पहिल्या दोहोंवरही मी विश्वास ठेवत नाही.

प्रश्न : मी अनुदान विभागात काम करतो. दर वर्षी आमच्याकडे कलासंस्थांचे अहवाल ढिगाने येतात, सगळ्यांत सगळं यशस्वी झालेलं असतं. हे बदलायचं तर कुठून सुरुवात करू? हातात माणसं कमी आहेत, हे लक्षात घेऊन सांगा.

उत्तर : भाऊ, अहवाल खोटे येतात कारण खरा अहवाल लिहिणाऱ्याचे पैसे कापले जातात. सामाजिक मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी 1970 च्या दशकातच इशारा दिला होता : एखादा आकडा निर्णयासाठी जितका जास्त वापराल, तितका तो आकडा बिघडवण्याचा दबाव वाढतो, आणि ज्या गोष्टीवर नजर ठेवायला तो आणला तीच गोष्ट तो बिघडवतो. प्रेक्षकसंख्येवर पैसे द्या, सभागृहं शाळकरी मुलांनी भरून निघतील, मग त्यांना नाटक कळो न कळो. हे मी पाहिलंय.

माणसं कमी आहेत ना, मग सगळ्यांकडून सगळं मागू नका. छोट्या अनुदानांना दोन पानं पुरेत, त्यातलं एक ‘काय जमलं नाही आणि त्यातून काय बदललं’ यासाठी. त्या पानावरून पैसे कापले जाणार नाहीत हे लेखी द्या आणि पाळा. पहिल्या वर्षी कुणी विश्वास ठेवणार नाही, दुसऱ्या वर्षी थोडे ठेवतील. मोठ्या, नव्या योजनांपैकी वर्षाला एकच निवडा आणि तिचा नीट अभ्यास करा, सुरू होण्याच्या आधीपासून.

मोठं करायची मुभा मिळालीच तर आयर्लंडकडे बघा. 2022 मध्ये त्यांनी 2,000 कलावंतांना आठवड्याला 325 युरो असं मूलभूत उत्पन्न, म्हणजे नेमाने हाती येणारी ठरावीक रक्कम, तीन वर्षं देऊन पाहिलं. पात्र अर्जदारांतून निवड सोडतीने झाली, आणि ज्यांना मिळालं नाही अशा 1,000 जणांचीही माहिती तेवढ्याच काळजीने ठेवली. नंतरच्या हिशेबात दर युरोमागे 1.39 युरोचा लाभ निघाला. त्यातला मोठा भाग कलावंतांच्या मनःस्वास्थ्याला पैशात मोजून आलेला आहे, तेव्हा तो आकडा तुमच्या वरिष्ठांना सांगताना हेही सांगा. नाहीतर तिजोरीत तेवढे पैसे परत येतील अशी त्यांची समजूत होईल.

आणि ढिगातला पहिला अहवाल उघडण्याआधी त्यातल्या एखाद्या संस्थेच्या तालमीला जा. कळवून जा, तपासणी वाटू देऊ नका. मागे बसा. संपल्यावर संचालकांना नाही, झाडलोट करणाऱ्याला किंवा दाराशी बसणाऱ्याला विचारा, पूर्वी यायचे आणि आता येत नाहीत असे कोण. त्यांची नावं लिहून घ्या. माझ्या वहीचं पहिलं पान असंच भरलं होतं.